चष्म्याआडचा माणूस

त्या माणसाने माझ्या भाचीला उचलून खांद्यावर बसवलं आणि तो सरळ चालायला लागला.

मी नुसती बघत राहिले. बघत राहायची ती वेळ नव्हे, हे मला कळत होतं. पण एका हाताला भाचा आणि दुसऱ्या हातात दोन मफलर, एक मोजा आणि अर्धं चघळलेलं बिस्किट असलं, की माणूस आधी बघतोच. बागेतली छोटी आगगाडी नुकतीच फेरी मारून थांबली होती. गाडीत बसणाऱ्या प्रत्येक पोराला नाताळबाबासारखी लाल कुंची घालायला देत होते, त्यामुळे उतरणारं प्रत्येक पोर सारखंच दिसत होतं. माझी सहा वर्षांची मुंगी मात्र मला शंभर कुंच्यांतून ओळखू आली असती. आणि ती निघाली होती एका परक्या माणसाच्या खांद्यावरून, राणीच्या थाटात.

"अहो! थांबा! अहो!"

मी गड्डूला काखेत मारलं आणि धावत सुटले.

"का पळतेस?" काखेतून गड्डूने विचारलं. तो साडेतीन वर्षांचा आहे आणि त्याला हा एकच प्रश्न येतो.

"अहो, ती माझी आहे!"

तो थांबला, वळला आणि माझ्या शेजारून चाललेल्या एका जाड्या बाईंना अदबीने म्हणाला, "काय म्हणालात?"

"त्या नाही, मी! तुमच्या खांद्यावर आहे ती. माझी आहे."

त्याने मुंगीला खाली घेतलं, अगदी नाकाशी धरलं आणि निरखून पाहिलं. मग त्याचा चेहरा पडला. "अरेच्चा! तू कोण गं?"

"मी मुंगी. अजून थोडं चला ना, वरून सगळं दिसतं."

तेवढ्यात गाडीपाशी एक छोटी लाल कुंची कमरेवर हात ठेवून ओरडली, "बाबा! मी इकडे आहे! पुन्हा चुकलास ना?"

पुन्हा! म्हणजे सकाळपासून ही पहिली वेळ नव्हती. मी तोंड उघडलं होतं ते त्याला चांगलं फैलावर घ्यायला. पण माझी नजर त्याच्या नाकावर गेली आणि शब्द तिथेच राहिले. त्याच्या नाकावर मी बनवलेला चष्मा होता.

आता थोडं माझ्याविषयी सांगायला हवं. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसं माझ्यापासून वीतभर अंतरावर बसतात, पण त्यांचे चेहरे माझ्या लक्षात राहत नाहीत. लक्षात राहते ती फ्रेम. ती कुणाच्या नाकावरून घसरते, कुणाच्या कानामागे रुतते, कोण ती डोक्यावर चढवून मग घरभर शोधतो, हे सगळं मला पाठ. शेजारच्या काकू एकदा बिनचष्म्याच्या भेटल्या तर मी त्यांना ओळखच दिली नाही, आणि त्या पुढे कितीतरी दिवस फुगून बसल्या होत्या.

दुसरं म्हणजे मी चौकस आहे. ताई याला चोंबडेपणा म्हणते. ताई आणि भावोजींची बेकरी आहे. नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या जगाला केक हवा असतो, त्यामुळे केकवाल्यांच्या पोरांचा नाताळ दरवर्षी पिठाच्या पोत्यांवर बसून जातो. या वर्षी मी छाती ठोकून सांगितलं, दोघांना मी बागेतल्या जत्रेला नेते. ताईने भट्टीतून मान बाहेर काढून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू? तुला स्वतःची छत्री सांभाळता येत नाही." आणि इथे पहिल्याच गाडीला एक पोर हातचं जात होतं. मला राग आला होता तो याचा.

पण तो चष्मा! कासवाच्या पाठीच्या रंगाची फ्रेम, दांड्यांवर पितळेचा बारीक ठिपका. आमच्याकडे तो एकच नग आला होता. एक हसऱ्या बाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. दुकानातली प्रत्येक फ्रेम त्याच्या नाकावर चढवून उतरवून शेवटी त्यांनी ही पसंत केली आणि मला म्हणाल्या, "आता कुठे माझा नवरा माणसात दिसतो." भिंगं प्लसची, चांगली जाड. ज्यांतून डोळे मोठ्ठे दिसतात ती. मी ती स्वतः बसवली होती.

आणि तो चष्मा घालून माणूस स्वतःची मुलगी ओळखत नव्हता. म्हणजे भिंगं चुकली. म्हणजे मी चुकले!

"माफ करा हं," तो म्हणाला. आता बरोबर माझ्याकडे बघून… निदान माझ्या टोपीकडे बघून. "या कुंच्यांनी घोटाळा केला."

"कुंच्यांनी की डोळ्यांनी?"

"दोघांनी संगनमत केलं असावं."

मी हसले नाही. ओठ तसे हलले, पण थंडीने.

त्याची मुलगी म्हणजे भिंगरी. चार वर्षांची, आणि नावासारखीच एका जागी न थांबणारी. ती आणि मुंगी आगगाडीत शेजारी बसल्या होत्या आणि तेवढ्या फेरीत त्यांची जन्मोजन्मीची मैत्री झाली होती. एकमेकींचा हात सोडायला दोघी तयार नव्हत्या. पोरींनी हात धरले की मागून चालणाऱ्या मोठ्यांना बोलावंच लागतं, त्याला काही इलाज नसतो.

"चष्मा कधीपासून घालता?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"सकाळपासून."

"सकाळपासून? आणि आधी?"

"आधी… नव्हतो घालत." त्याने भिंगरीकडे चोरून पाहिलं.

झालं! बायको बिचारी हौसेने निवडून देते आणि हे महाशय तो पेटीत ठेवून देतात. मग सवय कशी होणार? माझा जीव जरा खाली पडला. पण चष्मा खरंच बरोबर आहे की नाही, हे कळल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं. म्हणून आम्ही बरोबर चालत राहिलो. फक्त म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

एका कुंपणात लाकडी शिंगं बांधलेलं एक तट्टू उभं होतं. नाताळबाबाचं हरीण म्हणून.

"त्याला शिंगं का?" गड्डूने विचारलं.

"कारण आज हा घोडा हरीण झालाय," तो म्हणाला.

"का?"

"खरं हरीण लांब बर्फात राहतं. त्याला यायला जमलं नाही."

"का?"

"त्याला आज फार काम आहे. मग याने सांगितलं, तुझ्या जागी मी उभा राहतो."

"का?"

यावर तो गड्डूजवळ उकिडवा बसला आणि अगदी खरं उत्तर द्यावं तसा म्हणाला, "पोरं वाट बघत होती ना रे."

गड्डूला ते पटलं. मी मात्र चकित झाले. गड्डूच्या 'का'ला इतकं पुरून उरलेला पुरुष मी पाहिला नव्हता. भावोजी तिसऱ्या 'का'ला पाव कापायला निघून जातात.

मग आम्ही कोको प्यायला बसलो. तो सगळ्यांसाठी पेले घेऊन आला, मोठ्या ऐटीत तबक टेबलावर ठेवलं… म्हणजे अर्धं टेबलावर, अर्धं हवेत. मी झडप घालून ते वाचवलं.

"हे बघा," मी म्हटलं, "आता स्पष्टच विचारते. तो समोरचा फलक वाचा बरं."

"कुठला?"

"केवढा मोठा आहे!"

त्याने मान मागे नेली, पुढे आणली. "वाचतो हं. 'गरमागरम… भाजलेले…' पुढचं अक्षर जरा किचकट आहे."

"'हिरवळीवर चालू नये' असं लिहिलंय."

"अरे वा. म्हणजे मी सकाळपासून चुकीच्या ठिकाणी चालतोय."

आता मात्र मी हसले. अगदी ठसका लागेपर्यंत हसले. त्याने मान थोडी कलती केली आणि ते हसू ऐकलं… माणसं बघतात तसं नव्हे, नीट कान देऊन.

"तुमचा आवाज रागावल्यावर अर्धा सूर वर जातो," तो म्हणाला. "आणि हसल्यावर बरोबर जागेवर येतो. माहीत आहे?"

"हे तुम्हाला काय कळतं?"

"तेच तर कळतं. मी पियानो सुरात लावतो. लोकांच्या घरी, शाळांत. डोळ्यांचं काम मला फारसं पडत नाही."

"दिसतंच आहे! थांबा, हलू नका." चष्म्याची डावी दांडी वर गेली होती. वाकडी फ्रेम दिसली की माझे हात मला विचारत नाहीत. मी पुढे झुकले, दोन्ही दांड्या धरल्या आणि हलकेच सरळ करायला लागले. रोज असे किती चेहरे माझ्या हातांमध्ये येतात. त्या दिवशीच कसे कोण जाणे, हात गरम झाले.

"तुम्हीपण हलू नका," तो हळूच म्हणाला.

"का?"

"आत्ता तुम्ही दिसताय. एक भुवई… आणि अर्धं नाक. सकाळपासून पहिल्यांदाच."

"मग?" मला गप्प बसता आलं असतं. बसले नाही.

"भुवई छान आहे."

"आणि बाकी?"

"बाकीसाठी अशाच आणखी दांड्या वाकड्या कराव्या लागतील."

मी हात झटकन मागे घेतले. दांडी अजून वाकडीच होती. पोरी कोकोच्या मिशा लावून आमच्याकडे बघत होत्या आणि एकमेकींच्या कानात काहीतरी कुजबुजत होत्या.

लाकडी घोड्यांच्या चक्रावर भिंगरीने हट्ट धरला, "बाबा, तूपण बस!" आणि तो बसला. एवढासा घोडा, त्यावर हा उंचापुरा माणूस, गुडघे कानाशी. प्रत्येक फेरीला तो आमच्या दिशेने मोठ्या उत्साहाने हात हलवायचा… माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांना. आजोबा सज्जन होते. तेही दर वेळी हात हलवायचे.

"भला माणूस आहे हो तुमचा नवरा," आजोबा मला म्हणाले.

"माझा नाही," मी म्हटलं.

आणि ते दोन शब्द म्हणताना मला इतकं वाईट वाटलं, की मी चक्राच्या कठड्याला धरून उभी राहिले. माझा नाही. त्या हसऱ्या बाईंचा आहे. त्यांनी किती प्रेमाने त्याला ती फ्रेम निवडून दिली होती! आणि मी सकाळपासून काय करत होते? भिंगं तपासत होते? कसली भिंगं! तो मला आवडला होता. हरणाच्या गोष्टीपाशी आवडला असेल, नाहीतर फलकापाशी. केव्हा, त्याने आता काही फरक पडत नव्हता.

तरी मी खात्री करून घेतली. चोंबडेपणा मरताना जाईल माझा. तो चक्रावरून उतरून धडपडत आला तेव्हा मी विचारलं, "आज घरी कुणी वाट बघत नाही का?"

"हिची आई नर्स आहे. आज तिची ड्युटी. संध्याकाळी सुटेल."

संपलं. विचारायचं काही उरलं नाही. मुलं चार पावलांवर बाहुल्यांच्या दुकानापाशी पोचली होती. मी मफलर गोळा करायला लागले. तेवढ्यात तो एक पाऊल जवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मला तुम्हाला एक सांगायचंय. पण आत्ता नाही… हिच्यासमोर नाही."

"मुलीसमोर सांगता येत नाही असं काय?"

"जरा समजून घ्या ना. ती झोपली की सांगतो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुलगी झोपली की म्हणे! आजवर ऐकत आले होते की असे पुरुष असतात. हरणाच्या गोष्टी सांगणारे असतात, हे नव्हतं ऐकलं.

"मला काही समजून घ्यायचं नाही," मी म्हटलं. सूर अर्धा नव्हे, चांगले दोन वर गेले असतील. "हा चष्मा माझ्या हातचा आहे, तक्रार असेल तर दुकानात या. आणि येताना बायकोला घेऊन या."

"बायकोला? कुणाच्या?"

"वा! आता तीही आठवेना!"

त्याने बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात भिंगरी धावत येऊन त्याच्या पायाला बिलगली. "बाबा, ती बाहुली बघ ना!" आणि त्याचं तोंड मिटलं. मला एवढं उत्तर पुरे होतं. मी एका हाताला मुंगी आणि दुसऱ्या हाताला गड्डू धरला आणि मागे न बघता निघाले.

बागेच्या दरवाजापर्यंत मी दोघांना ओढतच आणलं. मग मुंगीने भोकाड पसरलं.

"मी भिंगरीला अच्छापण नाही केलं!"

"तिचे बाबा आहेत तिच्याजवळ. रडू नकोस."

"बाबा नाहीयेत ते."

"मुंगे, उगाच काहीतरी बोलू नये."

"नाहीयेतच!" मुंगीने नाक माझ्या बाहीला पुसलं. "ते काका आहेत. तिचा बाबा जहाजावर जेवण बनवतो. जाताना त्याचा नवा चष्मा घरीच विसरला, म्हणून भिंगरी तो उशीखाली घेऊन झोपते. आज ती बाबाबरोबरच जायचं म्हणून खूप रडली, मग काकांनी तो चष्मा घातला. चष्मा आहे तोपर्यंत ते बाबा. तोपर्यंत काका म्हणायचं नाही, चष्मा काढायचा नाही, कुणाला सांगायचंपण नाही. नाहीतर खेळ मोडतो."

मी रस्त्याच्या मधोमध उभी राहिले.

"तुला हे कधी कळलं?"

"आगगाडीत."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंसच नाही," मुंगी म्हणाली.

साऱ्या गावाच्या चौकशा करणारी मी! दिवसभर भिंगं, दांड्या, नंबर, फलक, सगळं तपासलं, आणि तुम्ही कोण, एवढं विचारलं नाही. अहो, माणूस चष्मा लावून आंधळा झाला होता. पेले हवेत ठेवत होता, आजोबांना हात करत होता. चष्म्याच्या धंद्यातल्या बाईला याचा अर्थ सांगायला सहा वर्षांची पोर लागावी? भिंगं बरोबरच होती. डोळे दुसऱ्याचे होते. निरोगी डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवून, डोकं ठणकत असताना, एका पोरीचा बाबा हरवू नये म्हणून तो दिवसभर धडपडत राहिला. आणि मी त्याला बायकोला घेऊन या म्हणाले.

"चला," मी म्हटलं. "परत जायचंय."

"का?" गड्डूने विचारलं.

"पळता पळता सांगते."

मोठ्या झाडाचे दिवे लागायची वेळ झाली होती आणि सगळी जत्रा झाडाभोवती लोटली होती. अंधारून आलं होतं. मी टोपी भुवयांपर्यंत ओढली, गड्डूला कडेवर घेतलं आणि नाकं बघत सुटले. गोल फ्रेम, चौकोनी फ्रेम, दोरीवाली, बिनकडांची. कासवाच्या रंगाची कुठेच नाही. झाडाला अर्धी फेरी झाल्यावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. भिंगरी चार वर्षांची, दिवसभर नाचलेली. ती एव्हाना झोपली असणार. ती झोपली असेल तर त्याने चष्मा काढला असणार.

म्हणजे मला आता चेहरा शोधायचा होता!

चार-सहा वर्षं रोज भेटणाऱ्या काकू मला बिनचष्म्याच्या ओळखू येत नाहीत. हा तर एका दिवसाचा माणूस. त्याला शोधणारी मी, आणि त्याने तर मला पाहिलंच नव्हतं. एका भुवईवर कोण कुणाला ओळखणार? आज चुकामूक झाली तर दोघंही एकमेकांशेजारून चालत जाऊ, आणि पत्ताही लागणार नाही. मी डोळे मिटून त्याला आठवायला लागले. आधी फ्रेमच आली. पितळेचा ठिपका, वाकडी दांडी. मग ती बाजूला सरली आणि मागून एकेक गोष्ट यायला लागली. हनुवटीवर दाढी करताना कापल्याची बारीक रेघ. गड्डूला उत्तर देताना एकाच गालाला पडणारी खळी. थंडीने लाल झालेले कान, आणि ऐकताना कलती होणारी मान. हे सगळं मी कधी बघून ठेवलं होतं?

दिवे लागले. सगळ्या गर्दीने एकदम "हाऽऽ" केलं आणि वर पाहिलं. मी खाली बघत होते. म्हणूनच मला दिसलं, की एक माणूस वर बघत नाहीये. खांद्यावर झोपलेली लाल कुंची, नाकावर चष्म्याचे दोन तांबडे वळ. डोळे भिंगातून दिसायचे तेवढे मोठे नव्हते, साधेच होते आणि थकलेले. मी त्याला तसा कधीच पाहिला नव्हता.

आणि मला क्षणाचाही विचार करावा लागला नाही. तोच तो.

तो बायकांचे चेहरे बघत हळूहळू पुढे सरकत होता. त्याची नजर माझ्यावर आली… आणि पुढे गेली. शेजारच्या एका बाईंच्या भुवईवर जाऊन थांबली. तो आणखी थोडा झुकला. त्या बाईंचे यजमान घसा खाकरून मधे आले.

"अहो," मी म्हटलं, "मार खायचाय का?"

तो जागच्या जागी थांबला. पण वळला नाही.

"पुन्हा बोला," पाठमोराच म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीही. रागवा हवं तर."

"वळत का नाही तुम्ही?"

"भीती वाटते. दिवसभर आवाज ऐकला. आता चेहरा बघायचा म्हणजे…"

"आणि नाही आवडला तर?"

"त्याची नाही हो भीती. माझा तुम्हाला आवडला नाही तर काय? तुम्ही आत्तापर्यंत चष्माच बघत होतात."

"मी तुम्हाला एवढ्या गर्दीत बिनचष्म्याचं शोधून काढलंय," मी म्हटलं. "माझ्या ताईला विचारा याचा अर्थ काय होतो ते."

तेव्हा तो वळला. मी टोपी मागे सारली. झाडाचे दिवे त्याच्या चेहऱ्यावर होते, माझ्याही असतील. त्याने पाहिलं. भुवई पाहिली, दुसरी पाहिली, आणि मग सगळंच, सावकाश, अक्षर लावून वाचावं तसं. मी दिवसभर माणसांना म्हणते, समोर बघा, पापणी हलवू नका. पण समोरून कुणी असं बघत असलं की काय होतं, ते मला कुणीच सांगितलं नव्हतं.

"परत का आलात?" त्याने विचारलं.

"मुंगीने सगळं सांगितलं. तुम्ही भिंगरीचे काका आहात म्हणून. आणि मी तुमच्या वहिनींचा नवरा समजून…" माझा आवाज कुठल्या सुरात होता देव जाणे. "खरं सांगू? दुसरीचा नवरा समजत होते तेव्हाच तुम्ही मला आवडला होतात. म्हणून तर भांडून पळाले. आता पळायचं काही कारण उरलं नाही."

त्याने काही बोलायच्या आत खांद्यावरची कुंची हलली. भिंगरीने एक डोळा उघडला आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो एकदम कावराबावरा झाला, खिसा चाचपायला लागला.

"राहू दे," भिंगरी झोपेतच म्हणाली. "बाबाचा चष्मा नीट ठेव. तू काकाच हो आता." आणि तिने गाल पुन्हा त्याच्या खांद्यावर टेकला.

त्याचे डोळे भरून आले. ते लपवायला आता भिंगही नव्हतं. मी मुंगीच्या डोक्यावरून हात फिरवत दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.

"उद्या दुकान बंद असेल ना?" बाहीने डोळे पुसत त्याने विचारलं.

"उद्या नाताळ. परवा उघडेल."

"परवा येऊ?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच हसला. "पण माझ्या डोळ्यांना काहीच झालेलं नाही. दुकानात येऊन सांगू काय?"

"काही सांगू नका," मी म्हटलं. "नुसते या."